कातडी बरी झाली, मग डोळे का नाहीत? स्टीव्हन्स-जॉन्सननंतरच्या डोळ्यांविषयी

एका आईचा प्रश्न आहे. थोडक्यात असा:

"माझी मुलगी 19 वर्षांची. फिट आली म्हणून कार्बामाझेपीनच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या आठवड्यात ताप आला, डोळे लाल झाले, तोंड आतून सोललं आणि दोन दिवसांत अंगभर फोड उठले. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम असं निदान झालं. दवाखान्यात खूप दिवस काढले, जीव वाचला. आता पाच महिने झाले. कातडी नवी आली, पण डोळे लालच आहेत. उजेड सहन होत नाही, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, सारखं काहीतरी खुपतं. एक डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे झालेत, थेंब टाकत राहा. दुसरे म्हणतात बुबुळ बदलावं लागेल. स्टेरॉइडचे थेंब टाकले की चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. नेमकं काय करायचं? नजर जाईल का?"

ताई, मुलीला तपासल्याशिवाय तिच्या डोळ्यांबद्दल ठाम बोलता येणार नाही. पण तुम्ही सांगितलेलं चित्र आम्हा बुबुळाच्या, म्हणजे कॉर्नियाच्या डॉक्टरांच्या चांगलंच ओळखीचं आहे, म्हणून आधी थेट उत्तर देतो. पाचव्या महिन्यात नजर वाचवायला अजून बराच वाव असतो. मात्र नुसत्या थेंबांवर वर्षं काढली तर तो हातचा जातो. बुबुळ बदलायला आत्ता मुळीच तयार होऊ नका. तिच्या पापण्या उलटून त्यांची आतली कड नीट कुणी बघितली आहे का, हे आधी विचारा. या आजारात नजर जाते ती बहुतेक वेळा तिथून.

हे समजण्यासाठी मुळात काय झालं ते थोडं सांगायला हवं. काही माणसांच्या शरीरात एखाद्या औषधामुळे टी-पेशी, म्हणजे एरवी जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, आपल्याच कातडीवर आणि तोंड, डोळे, लघवीची जागा इथल्या ओल्या अस्तरांवर उठतात. त्या ग्रॅन्युलायसिनसारखी द्रव्यं सोडतात, अस्तराच्या पेशी मरतात आणि वरचा थर भाजल्यासारखा सुटून येतो. अंगाची 10 टक्क्यांपेक्षा कमी कातडी सुटली तर त्याला स्टीव्हन्स-जॉन्सन म्हणतात, 30 टक्क्यांच्या वर गेली तर टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस. मधले रुग्ण दोन्हींच्या सीमेवरचे. डोळ्यांच्या बाबतीत ही टक्केवारी फार फसवी आहे. अंगावर मोजकेच फोड होते, पण डोळ्यांची पार वाताहत झाली, असे रुग्ण आम्ही नेहमी पाहतो. त्यामुळे "तसा तिला सौम्यच झाला होता" असं कुणी म्हणालं तर त्यावर विसंबू नका.

डोळे या आजारात पहिल्यापासून आहेत. 1922 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन बालरोगतज्ज्ञांनी ज्या दोन मुलांचं वर्णन केलं, त्यांना ताप आणि पुरळ तर होतंच, शिवाय तोंड आलं होतं आणि डोळे भयंकर सुजले होते. त्यांनी दिलेल्या मथळ्यातसुद्धा डोळ्यांच्या दाहाचा उल्लेख आहे. अॅलन लायेल यांनी 1956 मध्ये कातडी मोठ्या प्रमाणात सुटण्याचा प्रकार वर्णन केला आणि पुढे सगळ्यांचं लक्ष कातडीवरच राहिलं. ते साहजिक आहे, कारण सुरुवातीला प्रश्न जगण्या-मरण्याचा असतो. जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी, किडनी हे सगळं सांभाळताना सुजून मिटलेले डोळे उघडून बघायला कुणाला सुचत नाही.

तुमच्या मुलीची ती वेळ निघून गेली आहे, तरी हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी आज असा रुग्ण अॅडमिट असेल म्हणून पहिल्या आठवड्याबद्दल सांगतोच. औषध सुरू केल्यापासून साधारण 4 दिवस ते 4 आठवडे या काळात ताप, डोळे लाल आणि तोंडात फोड असं एकत्र आलं तर "डोळे आलेत" किंवा "गोळी गरम पडली" म्हणून घरी थांबू नका. ज्या गोळीचा संशय आहे ती पुढे देऊ नका आणि त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. गोळी फिटची असेल तर तिच्या जागी दुसरी काय द्यायची तेही तिथेच ठरवून घ्या, कारण ती एकदम बंद झाली की फिट येऊ शकते. अॅडमिट झाल्यावर पहिल्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलवा, असा आग्रह धरा. ते फ्लुओरेसिन या रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात बघतात. जिथे अस्तर सुटलेलं असतं तो भाग हिरवा चमकतो. बुबुळ, पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा आणि पापण्यांच्या कडा, तिन्ही बघायचं आणि रोज बघायचं.

अस्तर बरंच सुटलेलं असेल तर पहिल्या आठवड्यातच डोळ्यावर गर्भपडदा बसवतात. बाळंतपणात वारेबरोबर जो पातळ पारदर्शक पडदा बाहेर येतो, तोच हा. आईच्या संमतीने, एचआयव्ही, कावीळ वगैरेंच्या तपासण्या करून तो साठवलेला असतो. बुबुळापासून दोन्ही पापण्यांच्या आतून थेट कडेपर्यंत तो पसरून बसवला की दाह उतरतो, नवं अस्तर त्याच्या आधाराने वाढतं आणि उघडे पडलेले दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटत नाहीत. दिल्लीच्या एम्समध्ये यावर तुलनात्मक चाचणी झाली, ती 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. नुसत्या औषधांवर ठेवलेल्या डोळ्यांपेक्षा पडदा बसवलेल्या डोळ्यांची स्थिती सहा महिन्यांनी स्पष्टपणे चांगली होती. रुग्ण ऑपरेशन थिएटरमध्ये नेण्याच्या स्थितीत नसेल तर हे काम आयसीयूतल्या खाटेवरही करता येतं. दहा-बारा दिवस उलटून गेले की फायदा झपाट्याने कमी होतो. म्हणून हा आग्रह नातेवाइकांनीच धरायचा, कुणी आपणहून सुचवेल याची वाट पाहू नका.

आता तुमच्या मुलीकडे येतो. कातडी महिनाभरात भरून येते आणि तिथला आजार संपतो. डोळ्यात तसं होत नाही. मूळ रिअॅक्शन शमली तरी तिने मागे ठेवलेले व्रण पुढे नवीन इजा करत राहतात, आणि दाहसुद्धा आतल्या आत धुमसत राहतो.

निरोगी पापणीची कड ओली आणि गुळगुळीत असते. तिथे तेलाच्या ग्रंथींची बारीक तोंडं एका ओळीत असतात. त्यातून येणारं तेल अश्रूंवर पसरतं म्हणून अश्रू लगेच सुकत नाहीत. या आजारात ती कड जळून बरी होते, पण बरी होताना तिथे ओल्या अस्तराऐवजी कातडीसारखा कोरडा, खडबडीत, पांढुरका थर चढतो. ग्रंथींची तोंडं बुजतात. काही ठिकाणी त्याच तोंडांतून नको तिथे केस उगवतात आणि ते आत वळलेले असतात. आता विचार करा, माणूस दर मिनिटाला दहा-पंधरा वेळा पापणी मिटतो. दर वेळी ही खडबडीत कड बुबुळावरून फिरते, पॉलिश पेपरने काच घासावी तशी. तीही पुरेसं पाणी नसलेल्या, कोरड्या काचेवर. दिवसातून हजारो वेळा.

अशा घासण्याने बुबुळाचं वरचं आवरण झिजतं, जखम होते, ती भरते, पुन्हा होते. बुबुळाच्या काठावर मूळ पेशींचं (स्टेम सेल्सचं) एक वर्तुळ असतं, आम्ही त्याला लिंबस म्हणतो. बुबुळावर नवं आवरण पुरवत राहणं हे त्या पेशींचं काम. मूळ आजारात त्या काही प्रमाणात मेलेल्या असतात, उरलेल्या या रोजच्या घासण्यात आणि दाहात संपत जातात. त्या संपल्या की पांढऱ्या भागावरचा पडदा रक्तवाहिन्यांसकट बुबुळावर चढू लागतो आणि बुबुळ धूसर होतं. हे एका रात्रीत होत नाही. काही महिने, काही वर्षं लागतात, आणि हाच आपल्याला मिळालेला वेळ आहे. थेंबांनी ओलावा येतो, खडबडीत कड मात्र तशीच राहते. बाटल्यांमागून बाटल्या संपवून नजर मात्र उतरत गेली, असं घडतं ते यामुळे.

म्हणून पुढच्या तपासणीला कॉर्निया आणि ऑक्युलर सरफेस, म्हणजे डोळ्याचा बाहेरचा पृष्ठभाग, बघणाऱ्या तज्ज्ञाकडेच जा, आणि या गोष्टी नावानिशी विचारा. चारही पापण्या उलटून कडेवर थर चढलाय का बघितलं का? रंग टाकून बुबुळावर कुठे ओरखडे दिसतात, आणि ते कडेच्या थराच्या बरोबर समोर आहेत का? ते तसे समोरासमोर असले तर घासण्याचा पुरावाच मिळाला. पापणी आणि डोळा यांच्यामध्ये पट्टे धरून चिकटलंय का? मुलगी झोपली की पापण्या पूर्ण मिटतात का? अश्रूंचं मोजमाप केलं का? त्याला शर्मर चाचणी म्हणतात, कागदाची पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटं अडकवतात, 5 मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर कोरडेपणा तीव्र समजायचा. आणि डोळ्याचं प्रेशर मोजलं का? शेवटचा प्रश्न स्टेरॉइडमुळे महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येतो.

कडेवर थर चढलेला आढळला तर त्यावर चांगला इलाज आहे, आणि तो लवकर झाला तर त्याचं फळ मोठं मिळतं. त्याला म्यूकस मेम्ब्रेन ग्राफ्ट म्हणतात. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूचं ओलं अस्तर पातळ पट्टीच्या रूपात काढतात. पापणीच्या कडेवरचा तो कातडीसारखा थर सोलून तिथे ही पट्टी बसवतात, फायब्रिन ग्लूने चिकटवून किंवा बारीक टाक्यांनी. पट्टी जेमतेम काही मिलिमीटर रुंद असते, लांबी मात्र पापणीभर. ओठाची जखम साधारण आठ-पंधरा दिवसांत भरते. तेवढे दिवस तिखट आणि गरम खाणं जमत नाही, वरण-भात, ताक, खिमट यावर भागवावं लागतं. पापणीवरची पट्टी सुरुवातीला लाल आणि जाडसर दिसते, आरशात बघून मुली घाबरतात. काही आठवड्यांत ती सपाट होते, रंगही बराच मिसळतो. आता बुबुळावरून फिरणारी कड ओली आणि मऊ झालेली असते. "खुपणं थांबलं" हे वाक्य या ऑपरेशननंतर जितक्या वेळा ऐकायला मिळतं, तितकं या आजाराच्या दुसऱ्या कुठल्याच उपचारानंतर मिळत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयाने या विषयावर जगाला उपयोगी पडेल असं काम केलं आहे. विशेषतः लहान मुलांमध्ये कड वेळेवर दुरुस्त केली आणि गरज असेल तिथे स्क्लेरल लेन्स दिली, तर नजर टिकते आणि काहींची सुधारते, हे त्यातून दिसलं.

एक अट मात्र आहे. डोळा भडकलेला असताना हे ऑपरेशन करत नाहीत, आधी दाह शांत करावा लागतो. आणि पापणी-डोळ्यामधले चिकटलेले पट्टे नुसते कापून मोकळे करून देणाऱ्यापासून सावध राहा. गर्भपडद्याचं किंवा ओठाच्या अस्तराचं आच्छादन न देता कापलं तर ते पुन्हा चिकटतं, बऱ्याचदा आधीपेक्षा जास्त.

स्क्लेरल लेन्स ही दुसरी मोठी मदत. नेहमीची कॉन्टॅक्ट लेन्स बुबुळावर बसते, ती अशा डोळ्यात घालू नये. स्क्लेरल लेन्स बरीच मोठी असते. ती पांढऱ्या भागावर टेकते आणि बुबुळावरून कमानीसारखी जाते, मधल्या पोकळीत प्रिझर्वेटिव्ह नसलेलं सलाइन भरलेलं असतं. म्हणजे बुबुळ दिवसभर पाण्यात राहतं आणि पापणी लेन्सवर घासते, बुबुळावर घासत नाही. वरच्या उंचसखलपणामुळे धूसर दिसत असेल तर तेही सुधारतं. घालायची पद्धत शिकावी लागते. लेन्स वाटीसारखी धरून सलाइनने काठोकाठ भरायची, मान खाली घालून चेहरा जमिनीला समांतर करायचा आणि लेन्स खालून वर डोळ्यावर टेकवायची. आत हवेचा बुडबुडा राहिला तर काढून पुन्हा घालायची. सुरुवातीचा आठवडा चिडचिडीचा जातो, मग हाताला सवय होते. रात्री झोपताना काढायची. खर्च बराच आहे आणि मापं घेणारं केंद्र प्रत्येक शहरात नाही, हे खरं. तरी कॉलेजला जाणाऱ्या मुलीला पुन्हा वाचता येऊ लागतं, तेव्हा त्या खर्चाकडे बघण्याची दृष्टी बदलते.

आता थेंब. ते लागणारच आहेत, फक्त नीट निवडलेले. दिवसातून सहा-आठ वेळा टाकायचे तर प्रिझर्वेटिव्ह नसलेलेच घ्या. बाटलीवर बेन्झाल्कोनियम क्लोराइड लिहिलेलं असेल तर असा डोळा त्याने आणखी सोलवटतो. मेडिकलवाल्याने "तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं" म्हणून दिलेली बाटलीसुद्धा उलटून बघा. रात्री मलम. सायक्लोस्पोरीनचे थेंब दाह दबवतात, परिणाम दिसायला महिने लागतात आणि सुरुवातीला चरचरतात, म्हणून चार दिवसांत सोडू नका. मुलीच्याच रक्तातला द्रव वेगळा करून, पातळ करून बनवलेले ऑटोलोगस सीरमचे थेंबही बऱ्याच रुग्णांना मानवतात. ते फ्रीजमध्ये ठेवायचे आणि दिलेल्या मुदतीनंतर टाकून द्यायचे, कारण त्यात जंतू वाढायला वेळ लागत नाही. अश्रू अगदीच कमी असतील तर पापणीच्या कोपऱ्यातली निचऱ्याची छिद्रं कायमची बंद करतात, म्हणजे जे काही थोडं पाणी आहे ते डोळ्यातच राहतं. ही छिद्रं या आजारात कधी कधी आपोआपही बुजलेली असतात.

स्टेरॉइडच्या थेंबांनी बरं वाटतं यात आश्चर्य नाही, कारण दाह खरोखरच असतो. डोळा भडकला की थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते द्यावेही लागतात. पण दुकानातून परस्पर आणून महिनोन्महिने टाकणं बंद करा. प्रेशर वाढून काचबिंदू होतो आणि तो दुखत नाही, नजर गेल्यावरच कळतो. 19व्या वर्षी मोतीबिंदू होऊ शकतो. आणि बुबुळावर उघडी जखम असताना स्टेरॉइड पडत राहिलं तर ती भरत नाही, जंतू शिरतात, बुबुळ पातळ होऊन फुटू शकतं. शिवाय आठवड्याभराच्या आरामामुळे कडेचा मूळ प्रश्न झाकला जातो. या डोळ्यांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच सवयीची.

आत वळलेले केस घरी चिमट्याने उपटू नका. अर्धवट तुटलेला केस आखूड आणि टोकदार होऊन परत येतो आणि जास्त इजा करतो. दवाखान्यात स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, मुळासकट काढून घ्या. पुन्हा पुन्हा येत असतील तर मूळ जाळण्याचे उपाय आहेत. गुलाबपाणी, मध, एरंडेल, तूप, काजळ यातलं काहीही या डोळ्यात जाता कामा नये. कितीही मायेच्या माणसाने सांगितलं तरी. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट चेहऱ्यावर नको. बाहेर पडताना बाजूंनी बंद असलेला चष्मा वापरा, दुचाकीवर तर नक्कीच.

काही खुणा दिसल्या तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात जा. बुबुळावर पांढरा ठिपका दिसणं. दुखणं अचानक वाढणं. चिपडं घट्ट, पिवळी येणं. एकाएकी धूसर दिसणं. डोळ्यातून कोमट पाणी भळकन येऊन नजर उतरणं, हे बुबुळ फुटल्याचं लक्षण असू शकतं. अशा वेळी डोळा दाबू नका, चोळू नका, वरून कडक कवच लावून निघा.

बुबुळ बदलण्याबद्दल. नेत्रदानातून मिळालेलं बुबुळ साध्या फुलाला, म्हणजे बुबुळावरच्या पांढऱ्या डागाला, उत्तम चालतं. इथे पापणीची कड खडबडीत, अश्रू नाहीत, मूळ पेशी संपलेल्या, दाह चालू. जुनं बुबुळ ज्या परिस्थितीत खराब झालं त्याच परिस्थितीत नवं बसवल्यावर तेही थोड्याच काळात धूसर होतं किंवा वितळतं. बुबुळ फुटलंच तर डोळा वाचवण्यासाठी कलम करावं लागतं, ती वेळ वेगळी. केवळ नजरेसाठी म्हणून या टप्प्यावर नाही. मूळ पेशींच्या रोपणाबद्दलही तुम्हाला कुणीतरी सांगेल. हैदराबादला विकसित झालेलं स्लेट नावाचं सोपं तंत्र 2012 पासून माहीत आहे आणि चुना किंवा अॅसिड एका डोळ्यात गेलेल्यांना त्याचा फार उपयोग झाला. पण त्यात पेशी दुसऱ्या, चांगल्या डोळ्यातून घेतात. या आजारात दोन्ही डोळे सापडलेले असतात. दुसऱ्या माणसाच्या पेशी घ्यायच्या तर शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात, आणि कोरड्या डोळ्यात त्या पेशीही टिकत नाहीत.

दोन्ही डोळ्यांची नजर पार गेली आहे, डोळा ठार कोरडा आहे, अशांसाठीसुद्धा एक वाट आहे, तिची माहिती असावी. रुग्णाचा स्वतःचा दात, बहुधा सुळा, मुळासकट आणि भोवतालच्या हाडासह काढतात. त्याची चकती करून मध्ये छिद्र पाडून प्लास्टिकची भिंग-नळी बसवतात. ती चकती दोन-तीन महिने रुग्णाच्याच शरीरात कातडीखाली ठेवतात, तिच्यावर जिवंत आवरण चढतं. दरम्यान डोळ्यावर गालाच्या आतलं अस्तर लावलेलं असतं. मग चकती डोळ्यात बसवतात. स्ट्रॅम्पेली या इटालियन डॉक्टरांनी 1963 च्या सुमाराला ही कल्पना मांडली, फाल्चिनेली यांनी ती सुधारली, आणि भारतात चेन्नईत ती होते. ठार अंधारात असलेला माणूस यानंतर वाचू शकल्याची उदाहरणं आहेत. दिसायला डोळा गुलाबी अस्तराचा आणि मध्ये काळं भिंग असा होतो, तपासणी जन्मभर. तुमच्या मुलीला याची गरज पडू नये यासाठीच कडेकडे आत्ता लक्ष द्यायचं आहे.

आता औषधांची सावधगिरी, कारण दुसऱ्यांदा रिअॅक्शन आली तर ती जिवावर बेतू शकते. कार्बामाझेपीन तिला जन्मात पुन्हा द्यायचं नाही. त्याच्याच जवळची ऑक्सकार्बाझेपीन, फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोन हीसुद्धा टाळायची, यांची एकमेकांशी रिअॅक्शन जुळते. लॅमोट्रिजीनबद्दलही फार सावध. लेव्हेटिरासेटामसारखे पर्याय आहेत, न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील. सध्या चालू असलेली फिटची गोळी मात्र भीतीने स्वतःहून बंद करू नका. कुठल्याही दवाखान्यात, दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा, पहिलं वाक्य या रिअॅक्शनबद्दलच असू द्या. ठळक अक्षरात कार्ड बनवा आणि त्यावर कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहा, कारण एकच औषध टेग्रेटॉल, मॅझेटॉल अशा वेगवेगळ्या नावांनी मिळतं.

ज्यांना सल्फाच्या गोळीने हा आजार झाला, त्यांनी सल्फासिटामाइडचे डोळ्याचे थेंब वापरू नयेत, आणि प्रेशर कमी करायला दिली जाणारी अॅसिटाझोलामाइडची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना आठवण करून द्यावी. युरिक अॅसिडसाठीचं अॅलोप्युरिनॉल, सल्फाच्या गटातलं को-ट्रायमॉक्साझोल, एचआयव्हीवरचं नेव्हिरापिन, पिरॉक्सिकॅमच्या गटातली दुखण्याची औषधं हीदेखील या आजाराची नेहमीची कारणं आहेत.

तुमच्या घरातल्या इतरांविषयी तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. हा आजार संसर्गाने पसरत नाही. तिच्या टॉवेलने, ताटाने कुणाला होणार नाही. मात्र रिअॅक्शनमागची जनुकं नात्यात वाहतात. तैवानमध्ये 2004 साली दिसून आलं की कार्बामाझेपीनने हा आजार झालेल्या चिनी वंशाच्या रुग्णांमध्ये एचएलए-बी 15:02 हे जनुक जवळजवळ नेहमी असतं. पुढे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच कामात, 4,877 जणांची आधी रक्ततपासणी केली आणि जनुक असलेल्यांना हे औषध दिलं नाही, तेव्हा एकालाही हा आजार झाला नाही. भारतीयांमध्येही हा संबंध आढळला आहे, पण तो इतका पक्का नाही, त्यामुळे तपासणी नकारात्मक आली म्हणून निर्धास्त होता येत नाही. तिच्या सख्ख्या भावंडांना उद्या फिट, नसांचं दुखणं अशा कशासाठी हे औषध द्यायची वेळ आली तर घरात घडलेलं डॉक्टरांना आधी सांगा.

रिअॅक्शनची नोंद झाली नसेल तर करा. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनतर्फे औषधांच्या दुष्परिणामांची देशभर नोंद होते. नातेवाईकही कळवू शकतात, टोल फ्री क्रमांक 1800-180-3024. नजर बरीच उतरली असेल तर 2016 च्या दिव्यांग कायद्यानुसार जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. कॉलेजच्या परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळायला ते लागतं. ते काढण्यात कमीपणा मानू नका.

तज्ज्ञांकडे जाताना डिस्चार्ज कार्ड, अॅडमिट असतानाचे डोळ्यांचे कागद असतील तर ते, आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या थेंबांच्या रिकाम्या बाटल्या, आणि स्टेरॉइड कधीपासून किती वेळा टाकलं याची तारीखवार नोंद बरोबर न्या. त्या दिवशी सकाळी डोळ्यात मलम घालू नका, म्हणजे रंग टाकून बुबुळ आणि कड स्पष्ट दिसेल. पहिली भेट लांबते, दोन-तीन तास सहज जातात. तिला उजेड सहन होत नाही, तर गडद चष्मा आणि टोपी द्या आणि जमलं तर खिडकीपासून लांबची जागा धरा.